मन्मथआप्पांचे पाव्हणे

“आप्पा, तुमचा दात कुठंय?”

म्या एवढं म्हणलं आन् सगळं अंगण गपगार झालं. माझी आरू पाटावर बसल्याली, तिच्या डोक्यावरनं आत्ताच बोरं, चुरमुरे, हलवा, उसाचे बारके तुकडे वतल्याले, गल्लीतली पोरं खाली वाकून लुटायलेली, आन् आमचे ह्ये मोबाइल धरून म्हणायलेले, आप्पा, जरा हसा की. आप्पा हसले. हसले तर वरच्या चार पांढऱ्या दातांतल्या एकाच्या जागी बारका तपकिरी खुंट. आप्पांनी जीभ फिरवली, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आन् हाताच्या आतनंच म्हणले, “पाव्हणा गेला.”

त्याच टायमाला म्या खाली बघितलं तर आरू गाल हलवून कायतरी चघळायली.

आता तुमीच बघा, लेकराचं बोरन्हाण, भवतीनं पांढरंच पांढरं, हलवा पांढरा, चुरमुरे पांढरे, आन् आप्पांचा दात बी पांढरा, नखाएवढा. म्या आरूच्या तोंडात बोट घातलं, तिला अजून वरीस बी न्हाय झालं, खाली दोनच दात आल्यात, पण ते तिनं असे रुतवले की माझ्या डोळ्याला पाणी आलं. निघाला भिजल्याला चुरमुरा. पण त्याच्या आदी काय गिळलं असंल ते कुणाला ठावं.

पुढचं सांगायच्या आदी आप्पा कोण ते सांगते, न्हायतर तुमाला वाटंल, एका दातापायी एवढं काय.

मन्मथआप्पा म्हंजी आमच्या शेजारचे टेलर. नात्याचे न्हाईत, पण भिंतीला भिंत हाय, आन् म्या लगीन होऊन तेरला आले तवापासनं त्येंना आप्पाच म्हणते. काकू जाऊन लई वर्षं झाली, लेकरूबाळ न्हाय. म्होरल्या खोलीत मशीन, मागल्या खोलीत आप्पा. उंच, वाळके, गळ्यात लिंगायताचं इष्टलिंग, गळ्यात टेप, आन् दात बसवल्यापासनं गळ्यात नाडीला बांधल्याली कात्री. आत्याबाई, म्हंजी माझ्या सासूबाई, म्हणत्यात, ह्या माणसाच्या गळ्यात आता फकस्त घंटा बांधायची राहिली.

कात्रीचं कारण दातच. आमच्या हिकडं बोअरचं पाणी जड, कितीक जणांचे दात तपकिरी पडत्यात. आप्पांचे पडलेच, वर जन्मभर दातानं दोरा तोडून म्होरल्या दाताला खाच पडल्याली. म्हणून आप्पा हसताना तोंडावर हात घ्यायचे, म्हंजी खरं तर हसायचेच न्हाईत. मंग त्यांची भाची, शिल्पाताई, दाताची डॉक्टरीण झाली, धाराशिवला दवाखाना टाकला, आन् म्हणली, मामा, माझ्या सख्ख्या मामाचंच तोंड असलं असल्यावर लोक माझ्याकडं कशाला येतील. भाचीचं नाव निघालं म्हणून आप्पा गेले. आले तर म्होरचे चार दात पांढरे, सरळ, चकचकीत.

गल्ली बघायला आली. कुणी म्हणलं कवळी हाय, कुणी म्हणलं दात उपटून दुसरे रवल्यात. आप्पांनी सगळ्यांना शिलाईच्या भाषेत समजावलं. “दात माझाच हाय. वरनं फकस्त पट्टी लावलीय, चिनीमातीची, कपबशी असती का, तसली. फिटिंग एकदम.”

तवापासनं पोरं त्येंना कपबशीआप्पा म्हणायली. आप्पांना राग न्हाय आला. त्येंनी सोताच दातांचं नाव ठिवलं, पाव्हणे. “पाव्हणे आल्यात म्हणल्यावर त्येंचं बघावं लागतंय,” असं म्हणायचे आन् बघायचे.

बघायचे म्हंजी किती. ऊस बंद. शेंगा दातानं फोडणं बंद, आप्पा शेंगा मशीनच्या पायट्यावर ठिवून हळूच दाबायचे. पेरू कात्रीनं कापायचे, फोडी अशा एकसारख्या की बघणाऱ्याला वाटावं टेप लावून खुणा केल्या असतील. मिसरी, राखुंडी, कोळसा सगळं बंद, पाव्हण्यांचं पॉलिश जातंय म्हणून. ब्रश लहान लेकराचा, मऊ, आन् तो बी गोल गोल, हलक्या हातानं, रेशमी कापडावर इस्त्री फिरवावी तसा. तंबाखू सुटली, ती सोडवायचं तर काकूंना जन्मात जमलं न्हवतं. च्या प्याले की लगीच पाण्याची चूळ. एकदा लग्नाच्या पंगतीत मठ्ठा वाढणारा म्होरं उभा आन् आप्पा गाल फुगवून चूळ खुळखुळवायले, तो बिचारा तसाच वाकून थांबला, त्याला वाटलं ह्येंना कायतरी म्हणायचंय.

दातांच्या मदी साफ करायचा एक दोरा असतो म्हणं. आप्पांनी पहिल्यांदा दुकानातलाच रिळाचा दोरा वापरला, तो काळा, सदऱ्याचा, तर शिल्पाताई लई बोलली, मंग तिनं बारक्या डबीतला दिला. रोज सांजच्याला आप्पा ओसरीवर बसून तो दोरा दातांतनं काढायचे आन् मला म्हणायचे, “जन्मभर दातानं दोरा तोडला, आता दोऱ्यानं दात पुसायलोय. फेड चाललीय.”

आन् झोपताना घालायला एक आरपार दिसणारं टोपण. आप्पा झोपंत दात खायचे, ती चिनीमाती चिरंल म्हणून दिल्यालं. ते आप्पा ठिवायचे गुंड्यांच्या डब्यात. एकदा आत्याबाई ब्लाउजला गुंडी हुडकायला गेल्या आन् डब्यातनं दातांच्या आकाराचं कायतरी हाताला लागलं. त्या दिवसापासनं त्या गुंडी सोडून हूकच लावायल्या.

एवढं कमी म्हणून दर महिन्याला आप्पा इस्त्रीचा सदरा घालून धाराशिवच्या एसटीत बसायचे. कुठं चालले म्हणलं की, “पाव्हण्यांना दाखवून आणतो.” आत्याबाई म्हणायच्या, एवढी तर आमी गाभण म्हैस बी दाखवत न्हाय.

सगळे हसायचे. म्या बी हसायची, पण मला आप्पा बरे वाटायचे. रोज सकाळी भिंतीवरनं मान काढून सांगायचे, आज पाव्हण्यांनी काय खाल्लं, काल भाकरी जरा कडक झाली व्हती तर दुधात चुरली, आन् आरूला दात यायला लागले तवा तर लईच. रोज विचारायचे, किती दिसायले, वरची हिरडी फुगली का. तिच्या बापानं एवढं विचारलं न्हाय.

तर बोरन्हाणाला झबलं आप्पांनीच शिवलं. काळं, वर पांढरे ठिपके, गळ्याला बारकी झालर. शिवून सोता घिऊन आले. आत्याबाईंनी दारातच अडवलं. शुभकार्य हाय, लेकरापाशी कात्री कशाला, काढा ती. आप्पांनी गपगुमान गळ्यातली कात्री काढून ओसरीच्या खुंटीला अडकवली.

आरूला झबलं घातलं, हलव्याचे दागिने घातले, बाया जमल्या, आन् आरूनं जे रडणं काढलं. मान वाकडी करून गळ्यापाशी बोटं नेऊन रडायली. म्या घाबरले, मला वाटलं दृष्टच लागली. आप्पा गुडघ्यावर बसले, तिचा गळा बघितला, हात आपल्या छातीवर नेला, तिथं काय न्हवतं, मंग वाकून तोंड तिच्या मानंपाशी नेलं. आरू गप झाली. म्या म्हणलं, आप्पांनी मुका घेतला. बाया बी हसल्या. एक म्हणली, बगा, नवीन दात आल्यावर माणूस कसं मोकळं होतंय.

मंग बोरं वतली, पोरं तुटून पडली, फोटो निघाला आन् दात न्हवता.

आता त्या अंगणात काय झालं ते कसं सांगू. आत्याबाईंनी आदी फाटक लावलं, कुणी जायचं न्हाय म्हणल्या. पोरांचे खिसे उलटे केले. लुटल्यालं सगळं परत सतरंजीवर. मंग आत्याबाईंनी सूप आणलं आन् बसल्या पाखडायला, चुरमुरे एका अंगाला, बोरं एका अंगाला. राहिला हलवा. हलवा आन् दात, दोन्ही पांढरे, दोन्ही कडक, दोन्ही बारके, वळखायचं कसं. कुणीतरी म्हणलं, सोपं हाय, हलवा विरघळतो, तोंडात धरून बघा.

सगळ्या बाया एकमेकींकडं बघायल्या. दुसऱ्याचा दात तोंडात कोण धरंल. शेवटी आत्याबाई म्हणल्या, ज्याचा दात त्यानं धरावं. तर आप्पा पाटाशेजारी मांडी घालून बसले, आन् आमी एक-एक पांढरा दाणा त्यांच्या हातावर ठिवायचा, त्येंनी जिभंवर धरायचा, जरा थांबायचं, मान हलवायची, “हलवा हाय.” असं किती येळ चाललं. मदीच एक विरघळंना. सगळ्या पुढं वाकल्या. आप्पांनी काढून बघितला, म्हणले, “गुंडी हाय. माझ्या दुकानातली न्हाय, हलकी हाय.”

म्या हसले न्हाय. म्या आरूला उलटी धरून पाठीवर थापट्या मारायली, तिला वाटलं खेळ चाललाय, ती खिदळायली, आन् म्या रडायली. म्या नववीपतोर शिकल्याली, मला काय कळतंय चिनीमाती पोटात गेली तर काय होतं, कपबशी फुटल्यावर कशी धार असती तेवढंच डोळ्यापुढं. आमचे ह्ये गाडी काढतो म्हणायले.

तेवढ्यात आत्याबाईंनी सूप खाली ठिवलं आन् आप्पांकडं बघून म्हणल्या, “ऊस खाल्ला तुमी. म्या तुमच्या हातात कांडं बघितलं. वरीसभर आमाला शिकवलं, ऊस न्हाय, शेंगा न्हाय, आन् माझ्या नातीच्या बोरन्हाणात जीभ सुटली.”

आप्पांच्या हातात कांडं व्हतं खरं, पण ते त्येंनी एका बारक्या पोरीला दिल्यालं म्या बघितलं व्हतं. मला वाटलं आता आप्पा सांगतील. आप्पा खाली बघून म्हणले, “चूक झाली.”

म्या आरूला घेऊन आत गेले. झबलं काढावं, अंग पुसावं आन् दवाखान्याला निघावं म्हणून गळा सोडायला गेले तर झालरीत माझ्या बोटाला कायतरी लागलं. दुमडीच्या आत, शिवणीपाशी, नखाएवढं पांढरं. आन् त्याच्या शेजारी दोऱ्याचं टोक, कात्रीनं सरळ कापल्यालं न्हाय, चावून तोडल्यालं, पिंजल्यालं.

तवा मला कळलं की तो मुका न्हवता. त्या दोऱ्याचं टोक आरूच्या मानंला टोचायलं व्हतं.

म्या झबलं तसंच घेऊन आप्पांपाशी गेले. आप्पांनी दात बघितला, मंग दोरा बघितला, मंग म्या काय बघितलंय ते बघितलं. हळू म्हणले, “हात कात्रीकडं गेला, कात्री खुंटीला. लेकरू रडायलं. तोंड आपोआप गेलं बग. जन्माची सवय.”

म्या म्हणलं, मंग ऊस खाल्ला म्हणून कशाला घेतलं अंगावर.

“दोरा म्हणलं असतं तर तुझी सासू तुला बोलली असती. लेकराला नीट बघून घातलं का न्हाय म्हणून. मला बोलली तर काय, म्या भिंतीपलीकडं जातो.”

दात झालरीत पडला व्हता, एवढंच म्या सगळ्यांना सांगितलं, आन् अंगण परत बोलायला लागलं. आमचे ह्ये चपला चिकटवायचा गम घिऊन आले, दोन मिनटांत बसवतो म्हणले. आप्पांनी तोंड मिटून घेतलं आन् नाकानंच न्हाय न्हाय केलं. पाव्हण्याला असला गम लावला तर खालचा दात खराब होतो, परत नीट बसत न्हाय, सुटला की डबीत ठिवायचा आन् डॉक्टरकडं जायचं, असं शिल्पाताईनं बजावल्यालं. त्येंनी तो धुतला, एका मोकळ्या डबीत ठिवला, डबी सदऱ्याच्या आतल्या खिशात.

पण म्या तो डबीत जाताना बघितला. त्याचा एक कोपरा तिरका व्हता. बाकी सरळ आन् तेवढाच तिरका, जसा उडाल्याला. तो तुकडा कुठं गेला. झबल्यात न्हवता. म्या रातभर आरूच्या पोटाला कान लावून पडले, पोटात काय वाजतंय ते ऐकत, जसं काय मला त्यातलं कळतंय.

सकाळी आप्पांसंगं म्या बी आरूला घिऊन एसटीत बसले. आत्याबाईंनी जा म्हणलं न्हाय, जाऊ नको बी म्हणलं न्हाय, आरूच्या कानाला टोपरं घट्ट बांधलं तेवढं.

शिल्पाताईंनी दात हातावर घेतला. म्या एका दमात सगळं सांगितलं, आरूनं तुकडा गिळला का, पोट कापावं लागंल का, पोटाचा फोटो काढावा लागंल का. त्येंनी माझं बोट धरलं आन् त्या तिरक्या कोपऱ्यावर फिरवलं. “टोचतं का?”

न्हाय, गुळगुळीत लागलं.

“तुटलं असतं तर टोचलं असतं. मामांच्या दाताला तिथं खाच आहे, दोऱ्याची. तिच्यावर नीट बसावा म्हणून मीच तो कोपरा तसा केलाय. पूर्ण आहे हा. तुमच्या बाळानं काही गिळलं नाही.”

म्या तिथंच खुर्चीत बसले. दात दाखवायच्या खुर्चीत, मागं पडायच्या. मला कळलं बी न्हाय, आप्पा उभे राहिले माझ्यासाठी.

मंग ताईंनी आप्पांचा दात साफ केला, तो पाव्हणा परत बसवला, पक्का व्हावा म्हणून निळा उजेड मारला, आन् मला दाखवलं, हलतो का ते कसं बघायचं, बोटाचं टोक लावायचं, हळूच म्होरं-मागं करायचं, घट्ट असंल तर दगडावानी लागतं. म्हणल्या, शेजारी राहता तर तुम्हीच बघत जा.

आप्पा आरूला गाड्या दाखवायला भाईर घिऊन गेले तवा ताई हात धुता धुता म्हणल्या, “वहिनी, ह्या दातांना सहा महिन्यांनी दाखवलं तरी पुरतं. मामा दर महिन्याला येतात. कधी काही झालेलं नसतं. खुर्चीत बसतात, तोंड उघडतात, मी बघते, चहा पितात, चूळ भरतात, जातात.”

म्या म्हणलं, मंग घरीच बोलवा की, जेवायला.

“बोलावते. येत नाहीत. भाचीच्या सासरी उगं कसं जावं म्हणतात. दात दाखवायला मात्र येतात.” त्येंनी नळ बंद केला. “आता मी पण काम वाढवलंय, बाहेर पेशंट बसलेले असतात. आज मामांना सांगावं म्हणते, आता सहा महिन्यांनीच या.”

त्येंनी सांगितलं बी. आप्पांनी मान हलवली, बरोबर हाय म्हणले, पाव्हण्यांना आता सवय झालीय. एसटीत आरू त्यांच्या मांडीवर बसून त्यांच्या तोंडात बोट घालायली, आप्पा ओठ घट्ट मिटून बसले, आज पाव्हण्याला हात लावायचा न्हाय म्हणून, आन् नाकानंच तिच्याशी बोलायले. तेर येईपतोर ते तेवढंच बोलले.

त्याला आता महिना झाला. काल सकाळी म्या भाकरी थापायली, आरू उंबऱ्यात, आन् दारात आप्पा. इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी. म्हणले, “कडंचा पाव्हणा जरा हालायलाय असं वाटायलंय. तुला बघायला सांगितलंय न्हवं शिल्पानं. हालत असंल तर जावं लागंल. तू आन् आरू बी चला म्हणलं, तिला एसटी आवडती.”

म्या हात धुतले, पदराला पुसले. आप्पांनी वाकून तोंड उघडलं. म्या बोटाचं टोक लावलं, कडंच्या पाव्हण्याला, मंग मदल्या दोघांना, मंग ह्या बाजूच्या, त्या दोऱ्यावाल्याला. म्होरं केलं, मागं केलं. दगडावानी.

आतनं आत्याबाईंनी विचारलं, “काय गं, हालतोय का?”

माझं बोट आप्पांच्या दातावर. आप्पांना बोलता यीना, तोंड उघडंच, पण डोळे माझ्याकडं. तव्यावर भाकरी करपायली. खाली आरू टोपरं हातात घिऊन माझ्या पायाला लावायली, घाल म्हणून.

तुमी असता तर आत काय सांगितलं असतं?